अभिजात, अभिजीत आणि आमची टीव्ही रूम

आमच्या लेडीज हॉस्टेलच्या टीव्ही रूमला 'रूम' म्हणणं म्हणजे मेसमधल्या पिवळ्या पाण्याला 'वरण' म्हणण्यासारखं आहे. (मेसच्या काकू, हलकं घ्या हं!) मुळात ती जिन्याखालची जागा. एक बत्तीस इंची टीव्ही, अकरा प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यातल्या दोन भिंतीला टेकवल्याशिवाय उभ्या राहत नाहीत, एक सतरंजी आणि वर नोटीस : 'टीव्हीची वेळ रात्री ९ ते १०. आवाज कमी ठेवावा.' ही नोटीस कुणी लावली, कधी लावली, कुणालाच माहीत नाही. एरवी तिची गरजही पडत नाही, कारण हल्ली टीव्ही बघतं कोण? प्रत्येकीच्या हातात मोबाईल, कानात इअरफोन आणि मांडीवर न लिहिलेलं जर्नल. टीव्ही रूममध्ये ओले टॉवेल वाळत घालतात.

पण २८ जुलै ते ६ ऑक्टोबर २०२४ हे दहा आठवडे तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. बिग बॉस मराठीचा पाचवा सीझन!

आता 'बिग बॉस' हा शब्द वाचून स्टाफरूममधले निम्मे वाचक पान उलटणार. थांबा सर, प्लीज. त्यात भांडणं असतात, आरडाओरडा असतो, सगळं मान्य. आमच्या बाबांचंही मत तुमच्यासारखंच आहे. पण मला त्या कार्यक्रमाबद्दल कमी आणि तो बघणाऱ्या तीन बायकांबद्दल जास्त सांगायचंय. त्यातली एक मी, एक माझी रूममेट आणि एक मेसच्या काकू.

मोबाईल सोडून आम्ही टीव्हीवर का बघायचो, तर रात्री नऊला हॉस्टेलचं वायफाय आयसीयूमध्ये जातं. शिवाय काकूंचं काम तेव्हाच आटपतं. त्या पदराला हात पुसत यायच्या आणि सगळ्यात पुढची, चारही पाय शाबूत असलेली खुर्ची त्यांची असायची. त्या खुर्चीवर फायनल इयरच्या मुलीसुद्धा बसत नसत, यावरून काकूंचं वजन ओळखा. (पोळ्यांचा आकार त्यांच्या हातात आहे!) रेक्टर मॅडम दाराशी उभ्या राहून 'फक्त पाच मिनिटं' बघायच्या. ती पाच मिनिटं रोज पंचावन्न मिनिटांची असायची.

आता थोडं माझ्याबद्दल. मी कॉन्व्हेंटची. बालवाडीपासून बारावीपर्यंत इंग्लिश मीडियम. आमच्या शाळेत वर्गात मराठी बोललं की दंड होता, एका वाक्याला पाच रुपये. मॉनिटर वहीत नाव लिहायचा. 'आई गं' हे वाक्य धरायचं की नाही यावर पाचवीत आमचं मोठं भांडण झालं होतं. एक मुलगी डेस्कवर गुडघा आपटून 'आई गं' म्हणाली आणि तिचं नाव वहीत गेलं. शेवटी टीचरनी निकाल दिला की दुखल्यावर 'आउच' म्हणावं. तेव्हापासून मला काही लागलं की तोंडातून 'आउच'च येतं. बारा वर्षांच्या ट्रेनिंगनंतर मी घरी मराठी बोलते, स्वप्नं बहुतेक मराठीत बघते, पण आकडे मात्र इंग्लिशमध्येच येतात. 'एकोणऐंशी' म्हटलं की मला मनात थांबून हिशोब करावा लागतो. हा लेखसुद्धा रूममेटने ऱ्हस्व-दीर्घ तपासून दिलाय. चुका राहिल्या असतील तर तिच्या नावावर.

त्यामुळे बिग बॉसच्या घरातला एक नियम मला पहिल्यापासून भारी वाटायचा. तिथे मराठीतच बोलायचं! कुणी हिंदी-इंग्लिशवर घसरलं की टोकलं जायचं. म्हणजे आमच्या शाळेच्या बरोबर उलटं. आमच्याकडे मराठी बोललं की वही, तिथे मराठी नाही बोललं की बोलणी. मी सतरंजीवर बसून विचार करायचे की मला तिथे टाकलं तर मी पहिल्या तासात 'ॲक्च्युअली' म्हणून मार खाणार.

पण कुठली मराठी? ही त्या सीझनची खरी गंमत होती. सोळा जणांचं ते घर म्हणजे भाषेचा नकाशाच होता. वर्षा उसगांवकर गोव्याच्या, त्यांचं प्रत्येक वाक्य इस्त्री केल्यासारखं. अंकिता वालावलकर मालवणकडची. धनंजय पोवार इचलकरंजीचा, तो चिडला तरी ऐकायला गोड. निक्की तांबोळी जन्माने छत्रपती संभाजीनगरची (तेव्हाचं औरंगाबाद), पण हिंदी टीव्हीतून आलेली, त्यामुळे तिचं वाक्य मराठीत सुरू होऊन कुठे संपेल याचा भरवसा नाही. इरिना तर थेट रशियाची, ती शब्द शब्द जमवून बोलायची आणि तिचं सगळे कौतुक करायचे. आणि बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण.

सूरजबद्दल ज्यांना माहीत नाही (असे कुणी असतील तर त्यांच्या अभ्यासाला माझा सलाम) त्यांच्यासाठी सांगते. लहानपणीच आई-वडील गेले, बहिणींनी सांभाळलं, शाळा अर्धवट सुटली, मजुरी केली. मग टिकटॉक आलं आणि हा पोरगा 'गुलीगत धोका', 'बुक्कीत टेंगूळ', 'झापुक झुपूक' असल्या आपल्याच टाकसाळीतल्या शब्दांवर गावोगावी माहीत झाला. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, तरी त्याचं नाव राहिलं. वाचायला मात्र त्याला अडखळायला व्हायचं, आणि ते घरात सगळ्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसांत बरेच लोक म्हणत होते, ह्याला कशाला घेतलं? आमच्या टीव्ही रूममध्येही म्हणाले. तेव्हा पुढच्या खुर्चीवरून आवाज आला, "का? त्याला तोंड न्हाई का?"

काकू फलटणकडच्या. बारामती त्यांना शेजारची. "आमच्याकडचं पोरगं हाय," एवढं एकच कारण त्यांना पुरेसं होतं. दुसऱ्या आठवड्यात त्या माझ्याकडे मोबाईल घेऊन आल्या. "ए पोरी, ते मत द्यायचं कसं दाखव." मत तेव्हाच्या जिओसिनेमा ॲपवर द्यायचं होतं. ॲपचं सगळं इंग्लिशमध्ये, काकूंना इंग्लिश येत नाही. नंबर टाकायला मी त्यांचा नंबर विचारला तर त्यांनी तो मराठीत जोड्या-जोड्यांनी सांगितला. त्रेसष्ट, एकोणऐंशी, अठ्ठ्याऐंशी... मला पहिल्या जोडीलाच घाम! शेवटी रूममेटला मध्ये बसवलं. काकू मराठीत सांगणार, ती इंग्लिश करणार, मी टाईप करणार. एका मताला तीन माणसं. निवडणूक आयोगाने बघितलं असतं तर आमचं केंद्र आदर्श म्हणून जाहीर केलं असतं.

त्यानंतर नॉमिनेशन असेल त्या आठवड्यात काकू रोज माझ्याकडे मोबाईल द्यायच्या आणि मी इमानदारीत सूरजला मत द्यायचे. माझ्या स्वतःच्या मोबाईलवरून मात्र माझं मत दुसरीकडे जायचं. अभिजीत सावंतला.

ह्याचं कारण घरगुती आहे. ५ मार्च २००५ ला अभिजीत सावंत पहिला इंडियन आयडल झाला, तेव्हा मी दोन महिन्यांची होते आणि आई मला मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसली होती. सोनीवर अनु मलिक, सोनू निगम, फराह खान, समोर अमित साना आणि अभिजीत. आईने एका हाताने मला थोपटत दुसऱ्या हाताने एसेमेस पाठवले. किती, ते तिने आजपर्यंत सांगितलेलं नाही, पण त्या महिन्यात बाबांनी बॅलन्सवरून जे काही बोलून घेतलं ते दोघांनाही अजून पाठ आहे. आईचं म्हणणं असं, की 'आपल्यातला' मुलगा पहिल्यांदाच असा सगळ्या भारतात नाचत-गात पहिला आला होता, मग बॅलन्सचं काय घेऊन बसलात! घरात ही गोष्ट इतक्या वेळा ऐकलीये की मला वाटतं मला ती रात्र आठवते. दोन महिन्यांच्या बाळाला काय डोंबल आठवणार!

आणि तोच अभिजीत, तेव्हा तेवीस वर्षांचा असलेला, एकोणीस वर्षांनी बिग बॉसच्या घरात भांडी घासताना दिसला. मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट बरं वाटलं. विशीत सगळ्या देशाने डोक्यावर घेतल्यावर पुढची वीस वर्षं माणूस काय करतो? हे कुठल्याच सिनेमात दाखवत नाहीत, सिनेमा ट्रॉफीवर संपतो. हा मात्र शांतपणे सगळ्यांशी नीट बोलत होता, मध्येच गात होता, दोन्ही बाजूंचं ऐकून घेत होता. 'अभिजीत ठाम भूमिका घेत नाही' अशी आमच्या टीव्ही रूममध्ये तक्रार होती. मला ती तक्रार वाटायचीच नाही. आमच्या वर्गात ठाम भूमिका घेणारे तीस जण आहेत, सबमिशनच्या आदल्या दिवशी फाईल देणारा एकच आहे.

रेक्टर मॅडमचंही मत अभिजीतलाच होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. २००५ मध्ये त्या स्वतः एमएस्सीला हॉस्टेलवर होत्या म्हणे, आणि सगळ्या मुलींनी वर्गणी काढून एसेमेस केले होते. हे सांगताना मॅडम पहिल्यांदा हसल्या. हजेरीच्या वहीव्यतिरिक्त त्यांचं एक आयुष्य होतं, ही बातमी दुसऱ्या मजल्यापर्यंत दहा मिनिटांत पोचली.

राहिली रूममेट. तिचं गाव अंबडजवळ, जालना जिल्ह्यात. जिल्हा परिषदेची शाळा, दहावीपर्यंत मराठी मीडियम, बोर्डात गणिताला ९८. काकूंना, मला, सगळ्यांना वाटत होतं ही सूरजचीच. गाव, मराठी, गरिबी, सगळं जुळत होतं ना. तिने मत दिलं निक्की तांबोळीला!

निक्कीला! जिने पहिल्याच आठवड्यात वर्षाताईंशी भांडण काढलं आणि 'भाऊच्या धक्क्या'वर रितेश देशमुखकडून ऐकून घेतलं, तिला! (मुंबईत भाऊचा धक्का नावाचं बंदर आहे, इथे शनिवार-रविवारी होस्ट भाऊ येऊन धक्के द्यायचा म्हणून कार्यक्रमाचं नाव तेच. नाव ठेवणाऱ्याला पैकीच्या पैकी.) टीव्ही रूममध्ये निक्की बोलायला लागली की 'आवाज कमी करा गं' असं सगळ्या ओरडायच्या, आणि माझी रूममेट, जी पूर्ण दिवसात वर्गात एक शब्द बोलत नाही, ती हळूच रिमोटने आवाज वाढवायची.

मी एकदा विचारलंच, "अगं, निक्की का?"

ती म्हणाली, "तिला गप बसवता येतंय का कुणाला?"

"पण सूरज..."

"सूरज चांगला आहे गं. पण त्याला वाचता येत नाही म्हणून सगळे टाळ्या वाजवायले. मला बोलता येत नाही म्हणून अकरा मार्क दिले. मह्यासाठी कामून कुणी टाळ्या नाही वाजवल्या?"

ह्या अकरा मार्कांची हकिगत सांगायलाच हवी. मे २०२४, पहिल्या वर्षाची ओरल, विषय बेसिक इलेक्ट्रॉनिक्स. आदल्या रात्री मला डोपिंग कळत नव्हतं. पुस्तकातलं वाक्य पाठ होतं, पण अर्थ शून्य. हिने मला खाटेवर बसवून सांगितलं, "शुद्ध सिलिकॉन म्हणजे दूध समज. नुसतं ठेवलं तर काही होत नाही. त्यात एवढंसं विरजण घातलं की सगळं भांडं बदलतं. लाखो अणूंमागं एखादा फॉस्फरसचा टाकला की एक इलेक्ट्रॉन मोकळा फिरायला लागतो. विरजण कोणतं घातलं त्यावर एन टाईप का पी टाईप ते ठरतं." मला जन्मात विसरणार नाही असं डोपिंग कळलं.

सकाळी आम्ही एकाच बॅचला होतो. एक्स्टर्नलने मला डोपिंगच विचारलं. मी विरजण इंग्लिशमध्ये वाढून दिलं. पंचवीसपैकी एकवीस. हिलाही तेच विचारलं. तिने मराठीत सुरुवात केली. सर म्हणाले, "इन इंग्लिश, प्लीज." संपलं. ती जी गप्प झाली ती खोलीवर येईपर्यंत. पंचवीसपैकी अकरा. मला ज्याचे एकवीस मिळाले ते तिचंच होतं, माझी फक्त भाषा होती.

ह्यावर स्टाफपैकी कुणी म्हणेल, टर्म्स इंग्लिशमध्येच आहेत, पुस्तकं इंग्लिशमध्ये, उद्या नोकरी इंग्लिशमध्ये, मग ओरल मराठीत कशी घेणार? बरोबर आहे. एआयसीटीईने २०२१-२२ पासून काही कॉलेजांना मराठीसकट प्रादेशिक भाषांत इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली, हे मी वाचलंय. पण रूममेटला ते नकोच आहे. ती म्हणते, "मला इंग्लिशमध्येच शिकायचंय. फक्त समजलंय का नाही ते आधी विचारा, आणि बोलता येतं का नाही ते नंतर." मला ह्यात चूक सापडत नाही.

तर असे आमच्या तिघींचे तीन पक्ष. टीव्ही रूममध्ये रोज वाद. सूरजला लोक दया म्हणून मतं देतात, हा वाद तर सप्टेंबरभर चालला. मला विचाराल तर दयेने माणूस दोन आठवडे टिकतो, सत्तर दिवस नाही. घरातलं काम करणं, टास्कमध्ये जीव तोडून पळणं, कुणाच्या पाठीमागे न बोलणं, हे तो करत होता आणि कॅमेऱ्यासमोर हे इतके दिवस खोटं करता येत नाही. पण हेही खरं, की चॅनेललाही ठाऊक होतं आपल्या हाताला काय लागलंय. तो रडला की कॅमेरा जवळ जायचा आणि मागे पेटी-बासरी सुरू व्हायची. निक्की रडली तर बासरी नसायची. रूममेटने हे दाखवून दिल्यावर मला ते दरवेळी ऐकू यायला लागलं. काकूंना मात्र बासरीशी काही घेणं नव्हतं. पंढरीनाथ कांबळे, म्हणजे आपला पॅडी, ज्याने सूरजला भावासारखं सांभाळलं, तो घराबाहेर गेला त्या रात्री काकू न जेवता गेल्या.

मग आला ३ ऑक्टोबर २०२४, गुरुवार. केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिल्याची बातमी आली. टीव्हीवर पट्टी फिरत होती. आमच्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरीने टीव्ही रूममध्ये येऊन टाळ्या वाजवून जाहीर केलं, "मुलींनो, अभिजात दर्जा मिळाला!"

काकूंनी मान वळवली. "अभिजीतला? आन् सूरजला?"

इतकी हसले मी, की खुर्ची भिंतीवरून निसटली. सेक्रेटरीने मग काकूंना नीट समजावलं. मराठी ही फार जुनी भाषा आहे, तिचं साहित्य जुनं आहे, ते सरकारने आता मान्य केलं वगैरे. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंजे आपुन बोलतो ती?" सेक्रेटरी जरा अडखळली. मग म्हणाली, "हो काकू, तीच." "बरं झालं," काकू म्हणाल्या आणि आवाज वाढवायला सांगितला.

रूममेट काही बोलली नाही. तिच्या मांडीवर दुसऱ्या वर्षाचं इलेक्ट्रॉनिक सर्किट्सचं पुस्तक होतं आणि समासात पेन्सिलने मराठीत काहीतरी लिहिलेलं होतं. ती सगळी पुस्तकं अशीच वाचते. लायब्ररीच्या सरांनी हा परिच्छेद कृपया वाचू नये.

६ ऑक्टोबर, रविवार. फिनाले. आधीचे सीझन साधारण शंभर दिवसांचे असायचे, हा सत्तराव्या दिवशी संपला, आणि त्याच रात्री हिंदी बिग बॉसचा अठरावा सीझन सुरू होत होता. म्हणजे आमच्या पाहुण्यांना जागा रिकामी करायला लावली, असं सगळ्यांचं मत. मेसमध्ये त्या दिवशी पोळ्या साडेसातलाच तयार! अंतिम सहा जणांपैकी जान्हवी किल्लेकर नऊ लाखांची बॅग घेऊन बाहेर पडली. त्यावर टीव्ही रूममध्ये जी चर्चा झाली ती फक्त इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमध्येच होऊ शकते. नऊ लाखांत आमच्यासारख्या दोघींची डिग्री होते, एज्युकेशन लोनचा हप्ता किती, प्लेसमेटचं पहिलं पॅकेज किती, आणि ट्रॉफी घरात ठेवून तिच्यावर धूळ बसण्यापलीकडे काय होतं? मेकॅनिकलच्या एकीने तर कागदावर मांडून दाखवलं की बॅग घेणंच बरोबर.

मग अंकिता, मग धनंजय. उरले तीन. सूरज, अभिजीत, निक्की. काकू, मी, रूममेट! मी दोघींकडे बघितलं. काकूंनी पदराचं टोक दातात धरलं होतं. रूममेट गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

निक्की तिसरी. रूममेट "हं" म्हणाली, बस. नंतर मी शोधून काढलं, निक्की हिंदीच्या चौदाव्या सीझनमध्येही तिसरीच आली होती, आणि तेव्हा दुसरा आला होता राहुल वैद्य, जो २००५ च्या इंडियन आयडलमध्ये अभिजीतच्या वेळी तिसरा होता. म्हणजे दोन्ही वेळा इंडियन आयडलवाला दुसरा आणि निक्की तिसरी. हा योगायोग मी रूममेटला सांगितला तर म्हणाली, "म्हणजे तिला दोन्हीकडं तेवढंच मिळालं. भाषा बदलली तरी." मी गप्प.

अभिजीत दुसरा, सूरज पहिला. १४ लाख ६० हजार रुपये. टीव्ही रूममध्ये जो दंगा झाला त्यात भिंतीवरची नोटीस पडली. दहा केव्हाच वाजून गेले होते. आम्ही मॅडमकडे बघितलं, मॅडमनी मनगटाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "माझं घड्याळ मागे आहे." मी आईला फोन लावला. आई म्हणाली, "दुसरा तर दुसरा. उद्या वाढदिवस आहे त्याचा." हेही तिला पाठ!

काकू मात्र ओरडल्या नाहीत की उठल्या नाहीत. सगळ्या नाचत होत्या आणि त्या तिथेच बसून टीव्हीकडे बघत होत्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "त्याच्या बहिणीस्नी आता बरं वाटलं आसंल." मग मोबाईल पुढे केला. "आता ते ॲप काढून टाक. जागा लई खातंय."

पुढचं थोडक्यात. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सूरजला घर बांधून द्यायचं जाहीर केलं, आणि त्यानंतर कितीतरी दिवस काकूंचा मला एकच प्रश्न असायचा, "घर कुठवर आलं बघ बरं मोबाईलवर." २५ एप्रिल २०२५ ला केदार शिंदेंचा 'झापुक झुपूक' आला, हिरो सूरज. आम्ही काकूंना घेऊन गेलो. काकूंनी नवी साडी नेसली होती. थिएटरमध्ये आम्ही नऊ जणी धरून वीस-बावीस माणसं. काकू इंटरव्हलला मागे वळून बघत म्हणाल्या, "यवढी मतं दिली ती माणसं कुटं गेली?" मत फुकट असतं, तिकीट एकशे ऐंशीला पडतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. समोसा घेऊन दिला.

ओरलचं राहिलं. डिसेंबर २०२४, विषय इलेक्ट्रॉनिक सर्किट्स. पुन्हा एकच बॅच, एक्स्टर्नल वेगळे. मी दारात उभी होते, माझा नंबर तिच्यानंतर होता. सरांनी तिला ट्रान्झिस्टरचं व्होल्टेज डिव्हायडर बायस काढायला सांगितलं. तिने फळ्यावर काढलं, स्वच्छ, पट्टीने काढल्यासारखं. मग सरांनी विचारलं, एमिटरला रेझिस्टर का? इंग्लिशमध्ये विचारलं.

ती दोन सेकंद थांबली. मी दारात मुठी आवळल्या.

"सर, आधी मराठीत सांगते. मग इंग्लिशमध्ये सांगते. दोन्ही ऐका."

'ऐका' हा शब्द ज्या सुरात आला ना, तो मी दहा आठवडे टीव्हीवर ऐकला होता! सरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "बोला."

ती बोलली. तापमान वाढलं की कलेक्टर करंट वाढतो. तो वाढला की एमिटरच्या रेझिस्टरवरचं व्होल्टेज वाढतं. बेस तर दोन रेझिस्टरनी एका जागी धरून ठेवलाय, म्हणून बेस आणि एमिटरमधलं व्होल्टेज कमी होतं आणि करंट आपोआप खाली येतो. "म्हणजे सर, तो स्वतःच स्वतःला आवरतो. बाहेरून कुणी आवरायला लागत नाही." मग हेच सगळं इंग्लिशमध्ये, तुटक तुटक, एक क्रियापद इकडे, एक तिकडे, पण शेवटपर्यंत. सरांनी मध्ये तोडलं नाही. शेवटी 'ओके, नेक्स्ट' म्हणाले.

जानेवारीत रिझल्ट लागला. मी कॉरिडॉरमध्ये तिची मार्कशीट हिसकावून घेतली. पंचवीसपैकी चौदा. मी म्हणाले, "अगं, तीनने वाढले!"

तिने मार्कशीट परत घेतली, नीट घडी घातली आणि म्हणाली, "कमी दिलेत. अठराचं उत्तर होतं ते."